साहेब आले नाहीत तो हंगाम

अकोल्याच्या एमआयडीसीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की लोकांना बरं वाटतं. चहाच्या टपऱ्या सकाळी सहालाच पेटतात, पंक्चरवाल्याला उसंत नसते, बाभळीच्या काट्यांना रस्ताभर पांढरे पुंजके अडकतात आणि येणारे-जाणारे म्हणतात, चला, आला हंगाम. मला मात्र यंदा तसं वाटलं नाही. दसरा झाला, बायांनी शेतात सीतादहीची पूजा केली, दहीभात शिंपडून पहिला कापूस वेचला, पहिली गाडी आमच्या फाटकातून आत आली आणि मी त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला. माझी मुलगी प्रेरणा अमरावतीला अर्थशास्त्र शिकते, सुट्टीला घरी आली होती. तिनं डबा उघडून पाहिला. "आई, तुझं तोंड असं काहून झालं? हंगाम आला तं माणूस खूश होते." मी म्हटलं, अॅसिडिटी आहे. वऱ्हाडात या एका शब्दावर काहीही खपतं.

मी एका जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. शेतातून आलेला कापूस रेच्यांवर, म्हणजे जिनिंगच्या यंत्रांवर, चढवायचा, सरकी वेगळी करायची, रुईच्या गाठी बांधून गिरण्यांना धाडायच्या, हे आमचं काम. चौदा वर्षं झाली मला. खाली मोठा हॉल, त्यात रेच्यांच्या दोन ओळी, त्यांना कापूस लावणाऱ्या तेवीस बाया. वर लाकडी जिन्यानं गेलं की माझी खोली, आणि तिला हॉलमध्ये उघडणारी काचेची खिडकी. त्या खिडकीतून मला सगळं दिसतं, दिसायला नको तेही. हॉलला दारं दोन. पुढचं मोठं, ज्यातून कापूस आणि माणसं आत येतात. मागचं लहान, लोखंडी, आग लागली तर बाहेर पडायला म्हणून नकाशात दाखवलेलं. मला सांगायचं आहे ते त्या मागच्या दाराबद्दल. पण एकदम तिथे जायची भीती वाटते, म्हणून आधी साहेबांचं सांगते.

आधी साहेब यायचे. वर्षातून एकदा, हंगामाच्या तोंडावर, कारखान्याच्या तपासणीला. चार दिवस आधी कुठून तरी कुणकुण लागायची आणि जी धावपळ सुरू व्हायची तिला आमचे फिटर यासीनचाचा 'साहेबाची दिवाळी' म्हणायचे. लाल बादल्यांना नवा रंग, बादल्यांत चाळलेली रेती. औषधाच्या पेटीतलं जुनं सगळं उकिरड्यावर, पेटीत नवं. हेल्मेट आमच्याकडे कधीच नव्हती. ती शेजारच्या दाल मिलमधून यायची, आणि साहेब आमच्याकडचं आटोपून तिकडे निघाले की सायकलवरून मागच्या गल्लीनं त्यांच्या आधी तिकडे पोचायची. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणत असेल तर तो अकोल्याचा नाही. एका वर्षी त्यांनी एका हेल्मेटवरची भुकटी बोटानं पुसली आणि मला विचारलं, "तूर आहे की चणा?" मी म्हटलं, "तूर, सर." ते हसले आणि पुढे गेले.

आणि त्या दिवशी मागचं दार उघडायचं. एरवी त्याला टेकून छतापर्यंत सरकीची पोती लागलेली. हमाल आदल्या रात्री ती हलवायचे, यासीनचाचा बिजागऱ्यांना तेल घालायचे, कडी दोन-तीनदा वरखाली करून पाहायचे. साहेब त्या दारातून बाहेर पडत, मागच्या निंबाखाली उभं राहून चहा पीत, आत येऊन सही करत. निघताना त्यांच्या डिकीत गादी भरण्यापुरती लांब धाग्याची रुई ठेवलेली असे. संध्याकाळी पोती परत जागच्या जागी. मला या सगळ्या सोंगाची किळस यायची आणि मी ती घरी रोज बोलून दाखवायचे.

किळस यायला कारणही होतं. माझ्या वडिलांची परतवाड्याला पिठाची गिरणी होती, आमच्या वस्तीतली पहिली. तिच्या परवान्यासाठी बाबांना दरवर्षी अमरावतीला जावं लागे. कागदांची पिशवी घरातून निघताना तीनदा तपासायची, एसटीत मांडीवर धरून बसायचं. तिथे साहेब जागेवर नाहीत. साहेब मीटिंगमध्ये. या सोमवारी. मी दहा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. वस्तीत कुणाच्या बापाला न भिणारा माझा बाप त्या बंद दाराबाहेर बाकावर बसला तेव्हा डोक्यावर पंखा चालू असून त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी त्यांचा हात धरला तर तो गार लागला. गिरणी चांगली चालली. लोक म्हणायचे, दुसरी चक्की टाका, मिरची-हळद दळा. बाबांनी शेवटपर्यंत टाकली नाही, कारण दुसऱ्या चक्कीचा दुसरा परवाना. चार पोरांना त्या चक्कीवर काम मिळालं असतं. ते कुणाच्या हिशेबात कधी आलं नाही.

म्हणून मागच्या साली पावसाळ्यात अमरावतीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये जिनिंगवाल्यांची सभा झाली, आमच्या मालकांनी, सेठनी, मला सोबत नेलं, आणि मंचावरचे अधिकारी बोलायला लागले तेव्हा मी वही बंद करून नुसती ऐकत राहिले. तरुण होते, मराठी साधी बोलत होते. म्हणाले, आपला कापूस जगात कुणाहून कमी नाही, आपण मागे पडतो ते कागदांत. परवान्यासाठी जो दिवस जातो तो बाहेरच्या देशातला कारखानदार गाठी बांधण्यात घालवतो. देश पुढे न्यायचा तर काम करणाऱ्या माणसाला भीती वाटता कामा नये. यापुढे नेहमीच्या तपासण्या बंद. कारखान्यानं स्वतःच ऑनलाइन अर्ज भरायचा, स्वतःच सांगायचं की आमच्याकडे सगळं ठीक आहे. शासन तुमच्यावर विश्वास ठेवतंय. हॉलभर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. बाबा असते तर त्यांना हे ऐकवलं असतं असं वाटलं. परतीच्या वाटेवर बडनेऱ्यानंतर गाडीत सेठ झोपले आणि मी खिडकीतून काळ्या रानातली कापसाची हातभर पराटी पाहत बसले.

अर्ज भरला तो रेचे सुरू करायच्या मुहूर्ताच्या आदल्या दिवशी. चौतीस प्रश्न, प्रत्येकापुढे दोनच गोल, होय आणि नाही. प्यायचं पाणी आहे का. होय. वायरिंग तपासलं का. होय. अकरावा प्रश्न असा होता की आपत्कालीन दार अडथळ्यावाचून आहे का आणि ते आतून सहज उघडतं का. मी खिडकीतून खाली पाहिलं. दार दिसतच नव्हतं, पोती दिसत होती. सेठ मागे उभे होते. "सगळीकडे हाव करून टाका, मॅडम. पोते काय, हलवून घेऊ नंतर. उद्या मुहूर्त आहे." मी होय केलं. नखं नुकतीच कापली होती, उजव्या हाताच्या बोटाला माउस जरा टोचत होता, हे कशाला लक्षात राहिलं कोण जाणे. पडद्यावर हिरवी खूण आली, प्रिंटरमधून प्रमाणपत्र बाहेर आलं, हाताला गरम लागलं. खाली माझं नाव होतं, हुद्द्यासकट. भरणाऱ्याचं नाव लागतं तिथे.

त्या दिवशी भीती वाटली नाही. ती चार दिवसांनी, खिडकीतून भरल्या हॉलकडे पाहताना वाटली, आणि मग गेलीच नाही.

कापसाचा हंगाम बाहेरून पांढरा आणि सुंदर दिसतो. आतून तो नाकात, घशात, पापण्यांवर बसतो. कच्च्या सरकीचा गोडूस तेलकट वास कपड्यांना इतका चिकटतो की होळीपर्यंत जात नाही. रेचे सुरू झाले की बोलणं संपतं. हॉलमध्ये सगळ्याजणी हातांनी बोलतात. दोन बोटं ओठांवर म्हणजे पाणी, तळहात कपाळावर म्हणजे सेठ आले, करंगळी वर म्हणजे जाऊन येते. शांताबाई त्यांची म्होरकी. माझ्याच वयाची, नऊ वर्षांपासून रेच्यावर, डोक्याला रुमाल, नाकाला पदर. रोज सकाळी जिन्याखालून हात वर करायची, "जय भीम, मॅडम," आणि मी खिडकीतून हात वर करायची. मागच्या हंगामात तिनं हात वर केला की मी पहिल्यांदा तिच्या मागची पोती पाहायची, मग तिला.

यासीनचाचा फाटकावर सगळ्यांच्या माचिस-बिड्या डब्यात काढून घेत. कुणी तंबाखूचा खर्रा खाल्ला तर चालेल, काडी चालायची नाही. दिवसातून दहादा ते रुईच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभे राहत, डॉक्टर नाडी बघतो तसे. एकदा मी विचारलं, काय बघता चाचा. म्हणाले, "बेटी, लकडी की आग बोलती है. कपास की आग बोलत नाही. वरून पांढरी फक्क, अंदर-अंदर चालत राहते. हातालेच समजते." मी त्या दिवसापासून वर टेबलावर बसल्या बसल्या आपला तळहात कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवून बघायला लागले. वेडेपणा होता, पण हात आपोआप जायचा.

सेठना मी सांगितलं नाही असं नाही. तीनदा सांगितलं. सेठ वाईट माणूस नाहीत. पोळ्याला बायांना साडी देतात, कुणाचं बाळंतपण अडलं तर रात्री-बेरात्री गाडी देतात. पण त्यांनाही भीती होतीच. "मॅडम, तिकडे गुजरातले मशीन थांबत नाही. गाठी स्वस्त पडते त्यायच्या. मी इथं पोते हलवत बसलो तं माह्या गाठी कोण घेईन? आन् गाठी नाई उठल्या तं या तेवीस बायायले मी काय सांगू?" बांधकामाच्या परवानग्याही आता सोप्या झाल्या होत्या, त्यांनी मागे गाठी ठेवायला पत्र्याची नवीन शेड उभी केली. दहा वर्षं ते जमलं नव्हतं, महिन्यात झालं. सेठ मला म्हणाले, पाहा, देश बदलून राहिला. बदलत होताच. दुप्पट गाठी बांधल्या आम्ही त्या हंगामात, आणि शांताबाईच्या सुनेलाही तेविसावी म्हणून काम मिळालं.

संक्रांतीनंतर प्रेरणानं मला ओढून चिखलदऱ्याला नेलं. आई, दोन दिवस त्या कापसातून बाहेर निघ, म्हणाली. परतवाड्याला आमच्या जुन्या गिरणीसमोरून जीप गेली, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. वर धुकं होतं, टपरीवर तिथलीच कॉफी मिळाली, जरा करपट, पण गरम. मी म्हटलं, बरं वाटतंय. तेवढ्यात वाऱ्यावर कुठल्या तरी शेकोटीचा वास आला आणि मी कप ठेवून ताडकन उभी राहिले. शेजारच्या बाकावरची माणसं पाहायला लागली. प्रेरणानं माझा हात धरला. "आई, तुझा हात केवढा गार पडला." मी तिला तिथेच सगळं सांगितलं, अकरावा प्रश्न आणि पोती. तिनं माझा कप उचलून परत माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "धोरण चुकीचं नाई आहे आई. माणसावर भरवसा ठेवल्याशिवाय देश पुढे जातच नाही. पण भरवसा ठेवणाऱ्यानं कधीमधी येऊन पाहावं लागते ना." मी म्हटलं, येऊन पाहणारे होते ते तूर की चणा विचारत. ती हसली नाही.

फेब्रुवारीतली दुपार होती. जेवणाची सुट्टी संपून अर्धा तास झाला असेल. कुणाच्या तरी कापसातून रेच्यात लोखंडी नट गेला आणि ठिणगी उडाली होती, हे मागाहून कळलं. मला खिडकीतून एवढंच दिसलं की आठव्या रेच्याजवळ एका बाईचे हात थांबले. मग शेजारणीचे थांबले. यासीनचाचांनी दोन्ही हात डोक्यावर एकमेकांवर आडवे धरले आणि रेचे बंद झाले. हंगाम सुरू झाल्यापासून, जेवणाची सुट्टी सोडली तर, दिवसा पहिल्यांदा त्या हॉलमध्ये आवाज नव्हता. रुईच्या ढिगातून धुराची एक बारीक बट वर येत होती, अगदी सावकाश.

बाया पुढच्या दाराकडे धावल्या. दारात कापसाची गाडी खाली होत होती, अर्धं दार तिनंच अडवलेलं. गाडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून एकेक अंग आडवं होऊन बाहेर निघत होतं. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून मोजत होते. मला खाली जाता येत नव्हतं आणि वरही. एकवीस, बावीस. मग कुणीच नाही. माझे ओठ हलत होते, आकडा पुढे जात नव्हता. यासीनचाचा ओलं गोणपाट टाकून ढीग उपसत होते, धूर आता काळा व्हायला लागला होता. आणि गाडीच्या चाकाजवळून शांताबाई उठली. पडली होती, पायाखाली आली होती, कोपर सोलून निघालं होतं. ती बाहेर गेली. तेवीस.

दहा मिनिटांत सगळं विझलं. चाचांच्या दोन्ही हातांना फोड आले. सेठनी मारुतीला नारळ फोडला, बायांना पेढे वाटले, चार वाजता रेचे परत सुरू झाले. हंगामात अशी काही घटना घडली तर ती नोंदवायला त्याच ऑनलाइन अर्जात जागा होती, ती मी रिकामी ठेवली. त्या संध्याकाळी मला एकच गोष्ट कुरतडत होती. धूर पाहून एकही बाई मागच्या दाराकडे वळली नव्हती. एकीनंही मान फिरवून तिकडे पाहिलं नव्हतं. मी समजले, त्यांना माहीत आहे की तिथे पोती आहेत. माहीत असून रोज येतात बिचाऱ्या, पोटासाठी. असं मी धरून चालले आणि त्याचीच मला लाज वाटत राहिली.

पुढे उन्हाळाभर मी बाबांचा विचार करत होते. त्यांच्या भीतीला एक पत्ता होता. अमरावती, पहिला मजला, डावीकडची खोली. पाच वाजता ते ऑफिस बंद व्हायचं, बाबा एसटीत बसायचे आणि आसेगाव येईपर्यंत त्यांचा शर्ट वाळलेला असायचा. माझ्या भीतीला सुट्टी नाही, कारण आता साहेब मीच आहे. तपासणारी मी, सही करणारी मी, जिन्यावर उभी राहून मोजणारीही मीच. त्या सभेत टाळ्या वाजवल्याचा मला पस्तावा नाही. आजही कुणी म्हटलं की ते जुने साहेब परत आणू, तर मी पहिली नाही म्हणेन. मला फक्त तेव्हा हे कुणी सांगितलं नाही की विश्वास ठेवतात म्हणजे काय करतात, आणि मी विचारलंही नाही.

यंदाचा अर्ज मी आज उघडला. कापूस यायला लागला आहे, पण रेचे अजून बंद आहेत, परवा मुहूर्त. खाली बाया हॉल झाडत होत्या. तेच चौतीस प्रश्न, तोच अकरावा. मी बराच वेळ पडद्यासमोर बसले. मग काय वाटलं कोण जाणे, प्रश्न छापून घेतले आणि कागद घेऊन खाली गेले. म्हटलं, उत्तरं यांच्याबद्दलची आहेत, यांनाच विचारावं.

बाया झाडू टेकवून गोल बसल्या. शांताबाई म्हणाली, "परीक्षा घेता का मॅडम? आमी तं नापासच हाओ." हसणं झालं. मी एकेक प्रश्न सोपा करून वाचत गेले. प्यायला पाणी आहे का? आहे, पण माठ फुटला. बादल्यांत रेती आहे का? "रेती हाय आन् खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या बी हाय," शांताबाईची सून म्हणाली आणि पुन्हा हसणं. असं करत करत अकरावा आला. मी वाचलं, "मागचं दार आतून उघडतं का?"

शांताबाईनं इकडे तिकडे पाहिलं.

"कोणतं मागचं दार?"

मला वाटलं चेष्टा करते. मी पोत्यांकडे बोट दाखवलं. ती तिकडे पाहत राहिली, बाकीच्याही. "तिथी दार हाय?" ती म्हणाली. "आमी तं भिंतच समजत होतो, मॅडम."

"अहो शांताबाई, नऊ वर्षं आहात इथे. साहेब यायचे तेव्हा दरवर्षी उघडायचं ते."

"साहेब येत त्या दिवशी आमाले सुट्टी राहे," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, मला आठवण करून देत होती. "आमची नावं नव्हती ना तवा हजेरीवर. तुमीच तं निरोप धाडत होत्या."

खरं होतं. फोन मीच करायची. चांगल्या मनानं करायची, बायांना एक दिवस आराम मिळतो म्हणून. मी आले तेव्हापासून ते दार जितक्या वेळा उघडलं त्यातल्या एकाही वेळी या हॉलमध्ये एक बाई नव्हती. फेब्रुवारीत त्या तिकडे वळल्या नाहीत कारण त्यांच्या लेखी तिथे वळण्यासारखं काही नव्हतंच.

शांताबाई उठली. तिच्यामागून सगळ्या उठल्या. हंगामाआधीची पोती, फार नव्हती, पाऊण तासात बाजूला झाली. दार निघालं, गंजलेलं, कोळिष्टकांनी भरलेलं. कडी दोघींनी मिळून ओढली. शांताबाईनं खांदा लावून दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि अडलं. तिनं पुन्हा ढकललं. पलीकडे मागच्या साली झालेली ती नवी शेड होती, आणि शेडमधल्या गाठींची थप्पी दाराला लागून उभी होती. मी वर्षभरात मागे जाऊन एकदाही पाहिलं नव्हतं. शांताबाईनं त्या फटीतून हात घातला, खांद्यापर्यंत, आणि पलीकडे चाचपून पाहिलं.

"हात जाते," ती म्हणाली. मग हात बाहेर काढून तिनं माझ्याकडे पाहिलं. "हातच जाते, मॅडम."

मी वर आले. ती माझ्यामागून जिना चढली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. दारात थांबली, मी म्हटलं या. तिनं पदराला हात पुसले.

"मागच्या साली काय लिहिलं होतं इथी?"

"होय लिहिलं होतं."

"दार उघडते म्हून?"

"हो."

तिनं वाकून पडदा पाहिला. ती थोडं वाचते. ओळीवरून बोट फिरवत अकराव्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. मी तिच्या बोटाखालच्या 'नाही'वर खूण केली. पडद्यावर लाल ओळ आली की अर्ज पुढे पाठवता येणार नाही.

"मंग परवाचं काम नाई सुरू होनार?"

"दार उघडेपर्यंत नाही. सेठनी दुसऱ्या कुणाला भरायला सांगितलं तर होईल. तेव्हा मीही इथे नसेन बहुतेक."

तिच्या चेहऱ्यावर भीती आली. ती मी ओळखली, मागचं वर्षभर मी तीच आरशात पाहत होते. तेवीस घरांची चूल आमच्या दोघींमध्ये उभी होती आणि ते दोघींनाही कळत होतं. खाली फाटक उघडल्याचा आवाज आला, मग सेठच्या गाडीचा. पायऱ्यांवर त्यांची चप्पल वाजली. मी म्हटलं, "शांताबाई, तुम्ही खाली जा. तुमचं नाव यात येऊ नये."

तिनं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली.